वसईच्या किल्ल्याचे बुरूज टोकदार का, आणि तरीही तो १७३९ मध्ये पडला कसा?

विचारलेले प्रश्न दोन आहेत. सह्याद्रीतील आणि कोकणातील आपल्या बहुतेक किल्ल्यांचे बुरूज गोल किंवा अर्धगोल असताना वसईच्या किल्ल्याचे बुरूज बाणाच्या पात्यासारखे टोकदार का आहेत, हा पहिला. आणि ही रचना युरोपातील तोफांच्या काळातील सर्वांत शास्त्रशुद्ध रचना मानली जात असेल, तर चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे ती का टिकली नाही, हा दुसरा. ऐतिहासिक तटबंद्यांची मोजणी आणि जतन हे माझे व्यवसायाचे काम असल्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी आधी रचनेच्या अंगाने आणि मग इतिहासाच्या अंगाने देतो. थोडक्यात सांगायचे तर या टोकांचा संबंध भिंतीच्या मजबुतीशी फारसा नाही. तो तटावरच्या माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही, याच्याशी आहे.

गोल बुरुजाचा दोष कागदावर लगेच लक्षात येतो. दोन गोल बुरूज आणि त्यांना जोडणारा सरळ तट काढा, आणि प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याकडे सरळ रेषा ओढा. या रेषा शेजारच्या बुरुजाला दोन्ही अंगांनी स्पर्श करून पुढे निघून जातात आणि त्याच्या समोर, अगदी पायथ्याशी, एक त्रिकोणी तुकडा असा उरतो की जिथे कोणत्याही बुरुजावरून गोळी पोहोचत नाही. त्या बुरुजावर उभा असलेला शिपाई स्वतःच्या पायाखाली वाकून पाहू शकत नाही, कारण वाकला की तो शत्रूच्या बंदुकीसमोर येतो. धनुष्यबाणाच्या आणि शिड्यांच्या युद्धात या आंधळ्या जागेची किंमत फार नव्हती. तट पुरेसा उंच केला आणि वरून दगड व उकळते तेल टाकण्याची सोय ठेवली की काम भागत असे. दारूगोळा आल्यावर मात्र त्याच जागेत चार-सहा बेलदार पहार आणि कुदळ घेऊन शिरले, तर सुरुंग खणून दारू ठासेपर्यंत त्यांना कोणी हटकू शकत नाही, अशी परिस्थिती झाली.

१४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत उतरला, तेव्हा त्याच्यासोबत चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या, ओतीव लोखंडी गोळे फेकणाऱ्या पितळी तोफा होत्या. उंच आणि तुलनेने पातळ अशा मध्ययुगीन भिंती या तोफांपुढे झटपट कोसळल्या. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत इटलीतील वास्तुकारांनी, विशेषतः सांगाल्लो घराण्याने आणि व्हेरोनाच्या मिकेले सानमिकेली यांनी, जी रचना घडवली तिचेच वंशज वसईचे बुरूज आहेत. तिच्यात भिंत बुटकी आणि जाड केली गेली, तिच्यामागे मातीचा भराव घातला गेला आणि बुरुजाचा गोल चेहरा मोडून त्याच्या जागी दोन सरळ मोहरे (टोकाशी मिळणाऱ्या बाहेरच्या बाजू) व दोन बगला (मोहऱ्यांना मागच्या तटाशी जोडणाऱ्या आखूड बाजू) असलेला पंचकोनी आकार आला.

हा आकार मनाला येईल तसा काढता येत नाही. मोहऱ्याची रेषा मागे वाढवत नेली तर ती शेजारच्या बुरुजाच्या बगलेवर येऊन थांबली पाहिजे. म्हणजेच त्या बगलेतल्या तोफेला या मोहऱ्याची पूर्ण लांबी एका रेषेत दिसली पाहिजे. गोल बुरुजापुढचा जो त्रिकोण आंधळा राहत होता, तो दगडाने भरून काढला की उरतो तो टोकदार बुरूज. शत्रूला लपायला जी जागा मिळत होती, ती जागाच शिल्लक ठेवायची नाही, एवढाच त्या टोकाचा अर्थ. बगलेतल्या तोफा बाहेरच्या मैदानाकडे बघतच नाहीत, त्या आपल्याच तटाला समांतर मारा करतात, त्यामुळे लांबून मोर्चा लावणाऱ्या शत्रूला त्या सहसा दिसत नाहीत आणि त्यांच्यावर नेम धरता येत नाही. तटावर चढायला आलेली तुकडी मात्र दोन्ही बाजूंनी एकमेकांना छेदणाऱ्या माऱ्यात सापडते. दोन बुरुजांतले अंतरही यातूनच ठरते. हातातल्या बंदुकीचा उपयोगी पल्ला लक्षात घेऊन ते साधारण २०० ते ३०० मीटरच्या आसपास ठेवण्याची रीत पडली, कारण त्यापलीकडे नेले तर टोकाचे संरक्षण केवळ तोफांवर अवलंबून राहते आणि तोफ पुन्हा भरायला वेळ लागतो.

वसईला गेल्यावर हे पडताळून पाहणे अवघड नाही. एखाद्या बुरुजाची बगल जिथे तटाला मिळते, त्या आतल्या कोनाजवळ उभे राहावे आणि तटाच्या कडेने शेजारच्या बुरुजाकडे पाहावे. तट सरळ जातो, पुढे शेजारच्या बुरुजाची बगल दिसते आणि तिच्या पलीकडे त्याचा मोहरा तिरपा होत टोकापर्यंत जाताना दिसतो. नजर मध्ये कुठेही अडत नाही, हे पाहण्यासारखे आहे. भिंतीला वरच्या दिशेने आत झुकणारा ढाळ आहे. टोकाच्या कोपऱ्यावर भिंतीच्या इतर भागापेक्षा मोठे आणि चांगले घडवलेले दगड एकाआड एक आडवे-उभे बसवलेले असतात, कारण तोफेचा गोळा कोपऱ्यावर बसला की तिथले लहान दगड सर्वांत आधी निखळतात. आपल्याकडच्या किल्ल्यांवर जंग्या (बंदुकीसाठीची छिद्रे), चर्या (तटावरचे कंगोरे) आणि फांजी (तटावरून चालायची वाट) यांची जी परिचित मांडणी दिसते, तिची बरोबरी इथे शोधू नये. इथली फांजी केवळ शिपायांच्या ये-जा करण्यापुरती नसून तोफ गाड्यावर मागे सरकेल अशा हिशेबाने आखलेली असते, आणि बुरुजाचा माथा म्हणजे तोफखान्याचे अंगणच असते.

ही विद्या वसईपर्यंत आली ती पोर्तुगीजांना बसलेल्या ठोकरींतून. १५४१ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील आगादीरचा त्यांचा किल्ला सादी घराण्याच्या तोफखान्यापुढे पडला. त्याच वर्षी त्यांनी त्याच किनाऱ्यावर माझागाओ येथे, म्हणजे आजच्या अल-जदीदा येथे, बेनेदेत्तो दा रावेन्ना या इटालियन अभियंत्याच्या आराखड्यानुसार टोकदार बुरुजांचा नवा किल्ला उभारायला घेतला. हिंदुस्थानात हाच धडा दीवच्या १५३८ आणि १५४६ च्या वेढ्यांनी शिकवला. १५४६ च्या वेढ्यात गुजरातच्या फौजेने सुरुंगाने बुरूज उडवला होता. वेढा उठल्यावर गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांनी दीवची तटबंदी नव्या पद्धतीने बांधून घेतली.

वसईत पोर्तुगीज त्याआधीच आले होते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना दिला, आणि १५३६ मध्ये गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्या हुकमाने गार्सिया द सा या पहिल्या कप्तानाच्या देखरेखीखाली आतला लहान कोट उभा राहिला. आज ज्याला आपण वसईचा किल्ला म्हणतो ती बाहेरची तटबंदी मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू पुरी झाली. तिच्या आत सुमारे ११० एकर जागा आहे आणि मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे दहा किंवा अकरा बुरूज आहेत: सां सेबास्तियांव, नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश, रैश मागुश, सां गोन्सालु, माद्रे द देउश, एलेफान्ते वगैरे. हिंदुस्थानातील पोर्तुगीज किल्ल्यांचे मुख्य अभियंता असलेले मिलानचे जुआंव बातिश्ता काइरातु यांचे नाव वसई आणि दमणच्या कामांशी जोडले जाते. १५९३ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा येथे सुरू झालेला फोर्ट जीझस हा त्यांचाच. 

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वसई हा लष्करी ठाण्याचा किल्ला नव्हता, ते तटाआडचे शहर होते. जेझुइट, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांची चर्चे आणि मठ, धनिकांचे वाडे, नगरसभा, बाजार, रुग्णालय असे सगळे त्या ११० एकरांत होते, आणि तटाची रेषा शत्रूच्या सोयी-गैरसोयीपेक्षा शहराच्या आकारावरून ठरली. म्हणून तिचा नकाशा इटलीतील पाल्मानोव्हासारखा सुबक तारा नसून वेडावाकडा बहुकोन आहे. बहुतेक बाजूंना खाडी, समुद्र आणि दलदल असल्याने तिथे तटाला फारशी भीती नव्हती. खरा धोका उत्तरेकडच्या कोरड्या, वाळूच्या जमिनीचा होता, आणि पुढे सगळे तिकडूनच घडले.

सतराव्या शतकात युरोपात ही विद्या वसईच्या पुढे निघून गेली. नेदरलँड्समध्ये आणि लष्करी अभियंता व्होबाँ याच्या फ्रान्समध्ये तटासमोर रुंद खंदक, खंदकात तटापासून सुटे उभे राहणारे त्रिकोणी बुरूज, खंदकाच्या बाहेरच्या काठाने आडोशाची वाट आणि तिच्यापुढे मैदानाकडे उतरत जाणारा मातीचा लांब ढाळ, अशा एकापुढे एक फळ्या उभ्या राहिल्या. त्या ढाळामुळे तटाचा पायथा दूरच्या तोफेला दिसतच नसे आणि वेढा घालणाऱ्याला प्रत्येक फळी वेगळी जिंकावी लागे. वसईच्या जमिनीकडच्या बाजूला अशी दुसरी-तिसरी फळी नाही. ३०-३५ फुटांपर्यंत उंच गेलेला तट थेट मैदानासमोर उभा आहे. भूमिती सोळाव्या शतकाची आणि उंची जवळजवळ त्याआधीच्या काळाची, असे ते मिश्रण आहे. माझ्या मते वसईची खरी उणीव हीच होती, बुरुजांची आखणी नव्हे. मोठ्या दमणच्या तटाला जमिनीकडून खंदक आहे. वसईला तो तितका गरजेचा वाटला नाही, याचे कारण समुद्रावरची सत्ता कायम आपलीच राहील हे गृहीत धरले गेले होते, असे मला वाटते.

आता दुसरा प्रश्न. वसईची मोहीम १७३७ च्या वसंतात सुरू झाली. ठाण्याच्या नव्या किल्ल्याचे बांधकाम अपुरे असतानाच मराठ्यांनी तो घेतला आणि त्याबरोबर साष्टी बेट हाती आले. अर्नाळाही त्याच सुमारास आला. वसईवर मात्र त्या वर्षी शिड्या लावून केलेले हल्ले फसले, आणि ते फसणारच होते. शिडी लावणाऱ्या माणसासाठी टोकदार बुरुजांची रचना सर्वांत घातक असते, कारण शिडी तटाला लागली की ती दोन्हीकडच्या बगलांच्या माऱ्यात येते. हे अपयश शौर्याच्या उणिवेचे नव्हते. गडकिल्ल्यांवर यशस्वी ठरलेली पद्धत इथल्या भूमितीला लागू पडत नव्हती.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जे केले त्यात तटाला हात लावण्यापूर्वीची तयारी मला जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारीत केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही उत्तरेकडची ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला. मार्चमध्ये खाडीच्या मुखाच्या दक्षिणेला असलेले धारावीचे ठाणे पडले आणि समुद्रातून वसईत शिरण्याची वाट मराठ्यांच्या तोफांखाली आली. मानाजी आंग्र्यांची गलबते समुद्रावर होती. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत उतरले होते, त्यामुळे गोव्याहून कुमक निघणे कठीण झाले. मुंबईच्या इंग्रजांनी चर्चची चांदी आणि तोफा तारण घेऊन थोडे कर्ज दिले, त्यापलीकडे फारसे काही केले नाही. टोकदार बुरुजांचा कोणताही किल्ला बाहेरून मदत येईपर्यंतचा वेळ विकत घेण्यासाठी बांधलेला असतो, आणि इथे ती मदत येणारच नाही अशी व्यवस्था आधीच झालेली होती.

उत्तरेकडच्या वाळूतून मोर्चे पुढे सरकत गेले. लक्ष्य ठरले ते रेमेदियुश आणि सां सेबास्तियांव हे बुरूज. बुरुजांच्या मधल्या तटावर हल्ला न करता बुरुजावरच का, असे कोणी विचारील. मधल्या तटाला दोन बगलांचे संरक्षण असते, पण बुरुजाच्या प्रत्येक मोहऱ्याला फक्त एकाच शेजाऱ्याच्या बगलेचे. ती बगल तोफांनी गप्प केली, किंवा त्या शेजाऱ्यालाच स्वतःच्या जिवाची चिंता लागली, की मोहरा उघडा पडतो. एकाच बाजूच्या दोन बुरुजांवर एकदम दाब आणण्यात हा फायदा असतो. युरोपातही व्होबाँच्या पद्धतीत खिंडार बुरुजाच्या मोहऱ्यालाच पाडत असत. शिवाय मातीने भरलेल्या बुरुजावर तोफेचा मारा म्हणजे उशीवर बुक्की मारण्यासारखे असते; गोळा रुततो, दगडी कातडी गळते, पण गाभा राहतो. सुरुंगाचे तसे नाही. तो पायाखालून गाभ्यासकट उचलतो.

सुरुंगाच्या कामातच सगळी अनिश्चितता होती. वाळूत भुयार खणायचे म्हणजे लाकडाच्या चौकटींनी ते तोलत न्यावे लागते, खोल गेले तर पाणी लागते, आणि आतले लोक कान लावून बसलेले असतात व समोरून आपले भुयार खणून दारू निकामी करू पाहतात. मे महिन्याच्या मध्यावर रेमेदियुश आणि सां सेबास्तियांव या बुरुजांखालचे सुरुंग उडवले गेले. सगळे एकदम उडाले नाहीत. खिंडार पडले असे समजून लोक वर चढले असताना मागाहून एक सुरुंग उडाला आणि आपलीच माणसे ढिगाऱ्याखाली गेली. आतल्यांनी खिंडारात लाकडांचे आणि मातीचे आडोसे रचून, हातबाँब आणि बंदुकांच्या माऱ्याने पहिले हल्ले परतवले. तरीही शेवटी मराठे सां सेबास्तियांव बुरुजावर टिकाव धरून राहिले, आणि बुरुजाचा माथा शत्रूच्या हाती गेला की तिथून शहर उघडे पडते. सेनापती मार्तीं द सिल्वैरा द मेनेझिश वेढ्यात आधीच मारले गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या काएतानु द सोझा पेरैरा यांनी १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटींवर सही केली आणि २३ मे रोजी पोर्तुगीज लष्करी मानाने, शस्त्रे व जंगम मालमत्ता घेऊन बाहेर पडले. काही ग्रंथांत याच घटना ५ आणि १२ मे अशा सापडतात, त्यात विरोध नाही. इंग्रज १७५२ पर्यंत जुने पंचांग वापरत होते आणि ते ११ दिवस मागे होते. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने मराठ्यांची हानी ५००० मृत व जखमी आणि पोर्तुगीजांची ८०० अशी दिली आहे. हे प्रमाण पाहिले की त्या बुरुजांच्या भूमितीने आपले काम शेवटपर्यंत केले, हे मान्य करावे लागते.

किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून माझे मस्तक तरी आत पडू द्या, असे चिमाजी आप्पा म्हणाल्याची कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तिने त्या दिवसांतला ताण कळतो, पण तिच्यामुळे वसई केवळ आवेशाने घेतली असा समज होतो आणि दोन महिन्यांहून अधिक काळ वाळूत मोर्चे व सुरुंग खणणाऱ्या बेलदारांचे श्रेय बुडते, हे मला खटकते.

मग मराठ्यांनी आपल्या किल्ल्यांना असे बुरूज का दिले नाहीत, असा उपप्रश्न येतो. त्याचे कारण अज्ञान नव्हे. जिथे कडाच तट असतो, तिथे पायथ्याशी आंधळी जागा उरण्याचा प्रश्न येत नाही आणि खालून तोफ वर नेणे हीच शत्रूची मुख्य अडचण असते. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेढ्यात मोगलांना शेजारचा वज्रगड आधी घ्यावा लागला तो याचसाठी. आपल्या बांधकाम करणाऱ्यांनी बुद्धी खर्च केली ती दरवाजावर: दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला गोमुखी दरवाजा, बाहेरून न दिसणारा आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा न ठेवणारा. सिंधुदुर्गाचा तट खडकाच्या कडेने नागमोडी फिरतो, त्यामुळे त्याच्या बाहेर आलेल्या भागांवरून आत गेलेल्या भागांवर मारा होतोच. बगलेच्या माऱ्याचे तत्त्व तिथे आहे, फक्त मोजपट्टीने आखलेले नाही. सपाट जमिनीवर, वाळूत किंवा दलदलीकाठी किल्ला बांधायचा असता तर हिशेब वेगळा झाला असता.

वसईचा पुढचा वेढा तुलनेसाठी उपयोगी आहे. १७८० च्या नोव्हेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने किल्ला वेढला. त्याने पहिल्या जड तोफा सुमारे ९०० यार्डांवर लावल्या, मग ९ डिसेंबरला ५०० यार्डांच्या आत २० उखळी तोफांचा मोर्चा सुरू केला आणि ११ डिसेंबरला किल्ला शरण आला. सुरुंगाची गरज पडली नाही. पुढे दुसरी-तिसरी फळी नसलेल्या उंच तटाला दूरवरून नेमका मारा करणाऱ्या जड तोफांसमोर किती दिवस मिळतात, याचे उत्तर त्या तारखांत आहे. सालबाईच्या तहानंतर किल्ला पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ३१ डिसेंबर १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा तह इथेच झाला, पण तोवर तटबंदी म्हणून त्याचे महत्त्व संपले होते.

प्रत्यक्ष पाहायला जाणार असाल तर पावसाळा टाळा, कारण झुडपांत बुरुजाचे कोन दिसत नाहीत. आत चर्चे पाहण्याआधी जमिनीकडच्या बाजूने तटाबाहेरून एक फेरी मारा. वड-पिंपळाची मुळे जिथे टोकाच्या दगडांत शिरली आहेत, तिथे जवळ उभे राहू नका आणि फांद्या ओढू तर मुळीच नका. ती मुळे उपटली की चुना आधीच गेलेले दगड त्यांच्याबरोबर येतात. झाड कापून मूळ जागेवर मारायचे आणि मग सांधा चुन्याने भरायचा, हे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.